नऊ हजार लिटर हवेचा हिशेब

एक लिटर पेट्रोल नीट जळायला साधारण नऊ हजार लिटर हवा लागते. वजनात सांगायचं तर पेट्रोलच्या एका भागाला हवेचे १४.७ भाग. जुन्या गाडीचा कार्ब्युरेटर ठेवावा की काढून फ्युएल इंजेक्शन (पंपाच्या दाबाने पेट्रोल फवारणारी यंत्रणा) बसवावं, यावर शौकिनांचे वाद तासन् तास रंगतात. खरं तर दोन्ही यंत्रांचं काम एकच आहे, हा हिशेब जुळवणं. तो कोण ठेवतं, एवढाच फरक.

कार्ब्युरेटरमध्ये तो हवाच ठेवते. पिस्टन खाली उतरला की हवा आत ओढली जाते. वाटेत नळीला कंबरेसारखा अरुंद भाग असतो, तिथे हवेचा वेग वाढतो आणि दाब उतरतो. याचं वर्णन इटालियन भौतिकशास्त्रज्ञ व्हेंच्युरी यांनी १७९७ मध्ये केलं, म्हणून त्या कंबरेला आजही व्हेंच्युरीच म्हणतात. शेजारच्या फ्लोट चेंबरमधल्या, म्हणजे तरंगत्या फ्लोटने पातळी राखणाऱ्या छोट्या टाकीतल्या, पेट्रोलवर मात्र वातावरणाचा पूर्ण दाब असतो. त्या जोरावर पेट्रोल जेटच्या बारीक भोकातून वर चढतं आणि फवारा होऊन हवेत मिसळतं. हवा वाढली की ओढ वाढते, ओढ वाढली की पेट्रोल वाढतं. वायर नाही, सेन्सर नाही.

ऐकायला सोपं, पण या साधेपणाला ठिगळं फार. इंजिन नुसतं आयडलवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता मंद फिरत, असताना व्हेंच्युरीत पुरेशी ओढच नसते, म्हणून आयडलचा जेट वेगळा. थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून हवा अडवून पेट्रोलचं प्रमाण वाढवणारा चोक. ॲक्सिलरेटर एकदम दाबला तर हवा क्षणात धावते, जड पेट्रोल मागे राहतं आणि गाडी गुदमरते, म्हणून एक छोटा पंप. हा पंप बघायचा असेल तर इंजिन बंद आणि थंड असताना एअर फिल्टर काढा, कार्ब्युरेटरच्या तोंडातून आत डोकावा आणि हाताने थ्रॉटल, म्हणजे ॲक्सिलरेटरने उघडणारी हवेची झडप, उघडा. पेट्रोलची बारीक धार सट्‌कन सुटलेली दिसते. धार दिसली नाही, तर पिकअप का मेला याचं उत्तर तिथेच मिळालं. एसयू या ब्रिटिश जातीच्या कार्ब्युरेटरमध्ये परीक्षा आणखी सोपी आहे: आतला पिस्टन बोटाने उचलून सोडायचा. टक्क असा स्वच्छ आवाज आला तर ठीक, घसटत उतरला तर साफसफाई करायला झाली. अख्ख्या यंत्राची नाडी अशी बोटाने बघता येते, हा मला कार्ब्युरेटरचा सगळ्यात मोठा गुण वाटतो.

त्याला न दिसणाऱ्या गोष्टीही आहेत. समुद्रसपाटीपासून तीन हजार मीटरवर हवा साधारण पाव हिश्शाने विरळ झालेली असते. पेट्रोल मात्र त्या प्रमाणात कमी होत नाही, म्हणून मिश्रण रिच होतं (पेट्रोल जास्त, हवा कमी), प्लग काळे पडतात, गाडी चढावर दमते. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची तऱ्हा उलटी. इथेनॉलमध्ये स्वतःचाच ऑक्सिजन असतो, त्याच्या एका भागाला हवेचे नऊ भाग पुरतात. जेटचं भोक तेवढंच राहिलं तर मिश्रण लीन होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी). आणि फ्लोट तर बोलूनचालून गुरुत्वाकर्षणाचा ताबेदार. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांच्या लढाऊ विमानांतल्या मर्लिन इंजिनांनी हे भोगलं. विमानाचं नाक एकदम खाली घातलं की कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल उसळून इंजिन चुकायचं, तर इंजेक्शनवर चालणारी जर्मन विमानं तसाच सूर मारून निसटायची. १९४१ मध्ये बिआट्रिस शिलिंग या इंजिनिअर बाईंनी पेट्रोलच्या वाटेत भोक पाडलेली एक छोटी चकती बसवली आणि दुखणं बरंचसं आटोक्यात आणलं.

इंजेक्शन म्हणजे नवं, हा समजही तपासून घ्यावा. मर्सिडीज ३०० एसएलमध्ये ते १९५४ पासून होतं, तेही पूर्ण यांत्रिक. बॉशची इलेक्ट्रॉनिक डी-जेट्रॉनिक प्रणाली १९६७ मध्ये फोक्सवॅगन १६०० मध्ये आली. खरी कलाटणी १९७६ मध्ये मिळाली, व्होल्वोच्या गाडीत पहिल्यांदा बसलेल्या लॅम्डा सेन्सरमुळे. एक्झॉस्टच्या धुरात ऑक्सिजन किती उरला हे तो सांगतो, आणि त्यावरून संगणक पुढचा फवारा कमी-जास्त करतो. मिनिटाला तीन हजार फेऱ्यांवर प्रत्येक सिलिंडरला सेकंदात पंचवीस वेळा पेट्रोल लागतं. इंजेक्टर, म्हणजे फवारा सोडणारी तोटी, दर वेळी काही मिलिसेकंदच उघडतो. डोंगर चढा, पेट्रोल बदला, हिवाळ्यात पहाटे सेल मारा, हिशेब आपोआप सुधारतो.

आज मिळणारे इंजेक्शनचे तयार किट दिसायलाही कार्ब्युरेटरसारखे असतात आणि त्याच जागी चार बोल्टवर बसतात. जाहिरात इथे संपते, काम इथून सुरू होतं. कार्ब्युरेटरला पाव-अर्धा बार दाबाचं पेट्रोल पुरतं, इंजेक्शनला तीन-चार बार लागतो. म्हणजे नवा इलेक्ट्रिक पंप, त्या दाबाला टिकणाऱ्या नळ्या, बहुतेक वेळा टाकीकडे परतीची लाइन, आणि वळणावर पंपाने हवा ओढू नये म्हणून टाकीत आडोसे. सेन्सरसाठी एक्झॉस्टला वेल्डिंग. आणि धडक बसली तर पंप बंद करणारा स्विच. यात कंजुसी करू नये, कारण तापलेल्या इंजिनाशेजारी ही नळी फाटली तर पेट्रोल ठिबकत नाही, पिचकारीसारखं उडतं. जुना डायनॅमो आयडलवर जेमतेम चार्ज देतो, त्याच्या जिवावर पंप आणि संगणक चालवणं म्हणजे रोज बॅटरीची परीक्षा. सहा व्होल्टची गाडी असेल तर सगळं वायरिंगच नव्याने करायची तयारी ठेवा.

बिघडण्याची रीतही वेगळी. कार्ब्युरेटर हळूहळू रुसतो. आधी आयडल डळमळतं, मग मिसिंग, मग पेट्रोलचा वास, आणि तरीही बहुधा घरापर्यंत आणतो. इंजेक्शन वर्षानुवर्षं तक्रार करत नाही आणि एक दिवस रिले जळाला की जागच्या जागी थांबतं. गाडी महिनोन्‌महिने उभी असेल तर मात्र कार्ब्युरेटरचं काही खरं नाही. चेंबरमधलं पेट्रोल उडून जातं, मागे पिवळट चिकट थर राहतो आणि केसाएवढी भोकं बुजतात. इंजेक्शनची लाइन बंद असल्यामुळे तिथे हे सावकाश होतं, पण शिळं पेट्रोल कुणालाच मानवत नाही. आणि इथेनॉलने जुने रबरी पाइप खाल्ले, तर तो दोष इंजेक्शन बसवूनही जात नाही. पाइपच बदलावे लागतात.

माझं मत विचाराल तर, रोज फिरणारी किंवा वारंवार घाट चढणारी गाडी असेल तर इंजेक्शन घ्यावं. सुट्टीच्या दिवशी बाहेर पडणारी, मूळ रूपात जपलेली गाडी असेल तर कार्ब्युरेटरच बरा. पण दोन्हीच्या आधी एक काम. कार्ब्युरेटरच्या नावाने खपणारी निम्मी दुखणी त्याची नसतातच. झिजलेले इग्निशनचे पॉइंट, चुकलेलं टायमिंग, फुटलेला व्हॅक्यूम पाइप, थ्रॉटलच्या दांड्याशेजारून शिरणारी चोरटी हवा. हे तसंच ठेवून किट बसवलं तर संगणकही त्या चोरट्या हवेचा हिशेब लावत बसतो.

मधला मार्गही आहे, तो फारसा कुणी घेत नाही. कार्ब्युरेटर जागेवर ठेवायचा, एक्झॉस्टमध्ये फक्त वाइडबँड, म्हणजे पेट्रोलच्या एका भागाला हवेचे किती भाग हे आकड्यात दाखवणारा, लॅम्डा सेन्सर बसवायचा आणि त्याचा काटा बघत गाडी चालवायची. एकसारख्या वेगात १४-१५, पूर्ण जोरात १२.५ ते १३ दिसलं तर जेट बरोबर आहेत. आकडा वर पळाला तर लीन, जेट एक नंबर मोठा घालायचा. खाली गेला तर लहान. एवढं करूनही इंजेक्शनच हवं असं वाटलं, तर उतरवलेला कार्ब्युरेटर धुऊन, कोरडा करून, त्याच्या जेटांचे नंबर लिहून डब्यात ठेवा. जेटच्या भोकात तार मात्र घालू नका, नंबर बदलतो.