घटनास्थळ नियंत्रण (अग्निशमन)

आगीच्या ठिकाणी हुकूम कोणाचा चालणार, तो कोणामार्फत खाली जाणार आणि आत गेलेल्या माणसांचा हिशेब कोण ठेवणार, हे ठरवून देणारी कार्यपद्धती. पाणी, शिड्या आणि धाडस सगळे असूनही सूत्रे एका हाती नसतील तर काय होते, याचे मुंबईतले सर्वांत भीषण उदाहरण १४ एप्रिल १९४४ चे आहे.

व्हिक्टोरिया गोदीत उभ्या असलेल्या ‘फोर्ट स्टिकिन’ या मालवाहू जहाजात सुमारे १,४०० टन स्फोटके होती आणि सोबत कापसाच्या हजारो गासड्या. दुपारी दोनच्या सुमारास दुसऱ्या क्रमांकाच्या होल्डमध्ये (माल ठेवण्याच्या तळकप्प्यात) आग असल्याचे लक्षात आले. बंब आले, पाण्याचा मारा सुरू झाला. जहाज आहे तिथेच बुडवावे, ओढून बंदराबाहेर न्यावे की आग विझवत राहावे, यावर मते पडत राहिली. जहाजाचा कप्तान, लष्कराचा स्फोटकतज्ज्ञ, गोदीचे अधिकारी आणि अग्निशमन दलाचा प्रमुख असे सगळे तिथे होते, पण बाकीच्यांना बांधील ठरेल असा हुकूम देणारा एकही नव्हता. बारभाई कारभारात दोन तास गेले. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाने दुसरा. अग्निशमन दलाचे ६६ जण त्यात गेले. देशभर १४ एप्रिलपासून पाळला जाणारा अग्निशमन सेवा सप्ताह त्यांच्या स्मरणार्थच आहे.

या पद्धतीला आजचे रेखीव रूप मिळाले ते मात्र अमेरिकेत. १९७० च्या शरद ऋतूत कॅलिफोर्नियात तेरा दिवस वणवे पेटले, १६ माणसे मेली, सुमारे ७०० इमारती जळाल्या. मदतीला आलेल्या दलांच्या वायरलेस लहरी वेगळ्या, एकाच वस्तूची नावे वेगळी, वरिष्ठही वेगळे. त्यातून ‘फायरस्कोप’ हा प्रकल्प आणि पुढे ‘इन्सिडेंट कमांड सिस्टिम’ जन्मली. भारतात राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१० मध्ये तिचे देशी रूप ‘घटना प्रतिसाद प्रणाली’ म्हणून मार्गदर्शक सूचनांत आणले.

मूळ नियम साधा आहे: आधी पोहोचेल त्या गाडीवरच्या अधिकाऱ्याकडे नियंत्रण, मग तो कितीही कनिष्ठ असो. तो आधी इमारतीला शक्य तितका वळसा घालतो, कारण दर्शनी बाजूने फक्त धूर दिसतो. मागच्या डक्टमधून ज्वाळा दोन मजले वर गेलेल्या असू शकतात. मग नियंत्रण कक्षाला पहिला संदेश जातो. तो असा असावा: ‘तळमजला अधिक चार मजली रहिवासी इमारत, दुसऱ्या मजल्यावर एका खोलीत आग, जिन्यात धूर, वर लोक अडकल्याची शक्यता, पाण्याची एक लाइन सुरू, नियंत्रण माझ्याकडे.’ शेवटचे दोन शब्द सर्वांत महत्त्वाचे. मुंबईत आगीची वर्दी ‘लेव्हल’मध्ये मोजतात, लेव्हल वाढवली की आणखी गाड्या आणि वरचे अधिकारी निघतात. पण वरिष्ठ येऊन उभा राहिला म्हणजे सूत्रे आपोआप त्याच्याकडे जात नाहीत. आधीचा अधिकारी समोरासमोर परिस्थिती सांगतो, नवा ‘नियंत्रण घेतले’ असे वायरलेसवर जाहीर करतो. तोवर जुनाच प्रमुख.

एका माणसाला तीन ते सात जणच नीट सांभाळता येतात. पाच हा आदर्श आकडा मानतात. म्हणून आग वाढली की मजल्यांनुसार किंवा बाजूंनुसार विभाग पाडतात आणि नियंत्रक फक्त विभागप्रमुखांशी बोलतो. नव्याने आलेल्या गाड्या थेट दारात न आणता जरा लांब थांबवतात, नाहीतर चिंचोळ्या गल्लीत टर्नटेबल शिडीला (गाडीवरच्या फिरत्या उंच शिडीला) जागाच उरत नाही. वीज तोडणारे, गॅसवाले, पोलीस, रुग्णवाहिका, शिवाय हमखास अवतरणारे पुढारी, या सगळ्यांशी बोलायला वेगळा अधिकारी असलेला बरा.

सर्वांत कंटाळवाणे आणि सर्वांत गरजेचे काम दारातल्या फळ्यावर चालते. श्वसनयंत्र लावून आत जाणाऱ्याचे नाव, वेळ, सिलिंडरमधील दाब तिथे लिहितात. हवा संपण्याआधी माणूस बाहेर आला नाही तर शोध घ्यायला एक जोडी सज्ज ठेवलेली असते. इमारत टिकणार नाही असे दिसले तर सगळ्यांना बाहेर बोलावून केवळ बाहेरून पाणी मारायचे. हा निर्णय एकट्या नियंत्रकाचा, आणि तो घ्यायला फार जड जातो.

नियंत्रकाने स्वतः बाहेर, ठरलेल्या जागी राहावे असे शास्त्र सांगते. अंगात बंबवाल्याचे रक्त असलेल्याला ते जमणे कठीण. ९ मे २०१५ रोजी काळबादेवीतील गोकुळ निवास या जुन्या इमारतीच्या आगीत ती कोसळली आणि मुंबई दलाने चार अधिकारी गमावले. प्रमुख अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर त्यांपैकी एक होते.

ज्वाळा विझल्यावर ‘कूलिंग’, म्हणजे तापलेली जागा पाण्याने थंड करणे, सुरू होते, तेव्हाही नियंत्रण सुटत नाही. गाड्या एकेक करून परत पाठवतात, आत गेलेल्यांची पुन्हा मोजदाद होते, आणि शेवटची गाडी निघण्याआधी जागा पंचनाम्यासाठी पोलिसांच्या ताब्यात दिली जाते.