तारीख खोटी, कड खरी

ऑगस्ट २०२१ मध्ये अमेरिकेच्या चांदीच्या एका डॉलर-नाण्याला लिलावात ७६ लाख ८० हजार डॉलर मिळाले. त्याच महिन्यात, जुनी नाणी-नोटा विकून देतो म्हणत पैसे उकळणाऱ्यांपासून सावध राहा, असं पत्रक आपल्या रिझर्व्ह बँकेला काढावं लागलं. ७८६ आकड्याची नोट लाखाला जाते, हा संदेश तुमच्याकडेही आला असेलच. तो खोडून टाका आणि या डॉलरची गंमत बघा: त्याच्यावर साल १८०४, पण १८०४ मध्ये तो जन्मालाच आला नव्हता.

त्या वर्षी फिलाडेल्फियाच्या टांकसाळीने १९,५७० डॉलर पाडले खरे, पण आधीच्या सालाचे ठसे वापरून. पुढे ३० वर्षांनी मस्कतचा सुलतान आणि सयामचा (आजच्या थायलंडचा) राजा यांना नजराणा म्हणून नाण्यांचे संच द्यायचं ठरलं. दप्तरात डॉलरचं शेवटचं साल १८०४ सापडलं. मग तेच साल कोरून, आरशासारख्या घासलेल्या ठशांनी प्रूफ, म्हणजे खास चकचकीत, नाणी पाडली गेली. आज त्यातली आठ माहीत आहेत.

चोरी पकडून देते ती कड. ठशांखाली चांदी वितळत नाही. तिच्या स्फटिकांतले थर एकमेकांवरून घसरतात आणि नाण्याची कोरी चकती पोळीच्या गोळ्यासारखी पसरते. घनफळ तेवढंच, त्यामुळे व्यास १ टक्का वाढला की जाडी साधारण २ टक्के घटते. १८०४ च्या सुमारास या पसरण्याला आडकाठी नव्हती. ‘हंड्रेड सेंट्स वन डॉलर ऑर युनिट’ ही अक्षरं चकती दोन पट्ट्यांमध्ये लोळवून आधीच कडेत दाबलेली असत, आणि ठसा बसल्यावरही शाबूत राहत. १८३० च्या दशकात मात्र चकतीभोवती घट्ट पोलादी कॉलर आली होती. बाहेर सरकणारी चांदी त्या भिंतीला भिडली, उलटी दाबली गेली आणि अक्षरांच्या खाचा चेपून बुजू लागल्या. नजराण्याच्या डॉलरची कड भिंगाखाली धरा. अक्षरं चिरडलेली दिसतात.

नंतर टांकसाळीतल्याच कुणी चोरून आणखी काही पाडले. त्यातला एक स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. तो स्वित्झर्लंडच्या नाण्यावरच ठोकलेला, आणि जुन्या छापाच्या खुणा अजून खालून डोकावतात. त्या स्विस नाण्याचं साल १८५७.