तरवडाची सावली विरळ का?

"मोठ्या पानांची झाडं लावा, ती ऊन जास्त घेतात आणि ऑक्सिजनही जास्त देतात," असा निरोप सध्या व्हॉट्सॲपवर फिरतोय. त्यातच पिंपळ रात्रीही ऑक्सिजन सोडतो, असंही होतं. हे साफ चूक आहे. अंधारात प्रकाशसंश्लेषण होत नाही; रात्री पिंपळही आपल्यासारखाच ऑक्सिजन घेतो. पानाच्या आकाराचं म्हणणं मात्र नीट तपासायला हवं.

नाशिकहून सिन्नरकडे जाताना माळावर पिवळ्या फुलांचा तरवड दिसतो. छातीएवढं झुडूप, पानाच्या दांड्यावर दोन्ही बाजूंना बोटाच्या नखाएवढ्या पर्णिका. दुपारी त्याच्या बुडाशी वाकून पाहा. काळी सावली नसते, फिकट कवडशांची जाळी असते.

कारण सूर्य हा ठिपका नाही, तबकडी आहे. तिचा व्यास सुमारे 14 लाख किलोमीटर, अंतर 15 कोटी; म्हणजे अंतर व्यासाच्या साधारण 107 पट. म्हणून कुठल्याही वस्तूची गडद सावली तिच्या रुंदीच्या 107 पट अंतरावर संपते; त्यापलीकडे ती वस्तू अख्खी तबकडी झाकू शकत नाही. आगकाडी उन्हात धरा. 2 मिलिमीटर जाडीची काडी जमिनीपासून वीतभर वर नेली की सावली विरघळते. तरवडाची पर्णिका सेंटीमीटरभर रुंद, तिची गडद सावली मीटरभरात संपते. एरंडाचं पान सुपाएवढं, पण ते बोटांत फाटलेलं असतं. तिथे अख्ख्या पानाची नाही, एकेका बोटाची रुंदी मोजायची.

याचा झुडपाला फायदा काय? मका, ऊस असे काही सोडले तर बहुतेक पानांचं पोट पूर्ण उन्हाच्या पाव ते तिसऱ्या हिश्शातच भरतं. त्याहून जास्तीचं ऊन वाया जातं. तेच पातळ होऊन खाली पसरलं तर खालची पानंही कामाला लागतात. बारीक पानं उन्हात कमी तापतात, हेही आहेच.

आणि एकाच झुडपातही पानं सारखी नसतात. अंगणातल्या जास्वंदीचं बाहेरचं पान चुरगळून पाहा, जाड लागेल. आतलं, सावलीतलं, रुंद आणि पातळ.

द्राक्षाचं 12 सेंटीमीटर रुंद पान घेतलं तर गडद सावली जवळजवळ 13 मीटर, आणि मांडव जेमतेम डोक्याएवढा. तिथे सावली विरायला जागाच नाही. खरड छाटणीनंतर (उन्हाळ्यातल्या छाटणीनंतर) काडीवरच्या डोळ्यांत, म्हणजे कोंबांत, घड धरायला ऊन लागतं, म्हणून दिंडोरी-पिंपळगावचे बागायतदार फेलफुटी, म्हणजे नको असलेले फुटवे, काढतात, काड्या विरळ करतात.