घरी कॉफी दळताना: विजेचा ग्राइंडर घेण्याआधी आणि घेतल्यावर

पिठाच्या गिरणीत डबा ठेवला की पहिला प्रश्न येतो, "बारीक का जाडसर?" भाकरीचं पीठ वेगळं, थालिपिठाची भाजणी वेगळी, बेसनलाडवाचं डाळीचं पीठ आणखी वेगळं. भज्यांचं बेसन लाडवाला वापरलं तर लाडू टाळ्याला चिकटतो, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. कॉफीच्या दळणाचंही तसंच आहे. बिया चांगल्या, पाणी चांगलं, फिल्टर आजीच्या वेळचा पितळी, आणि दळण चुकलं तर कप बिघडतो.

आमच्याकडून अख्ख्या बिया नेऊन घरी दळणारे बरेच जण आहेत. त्यांचे प्रश्न साधारण सारखेच असतात आणि काउंटरवर गर्दीच्या वेळी आम्ही घाईत उत्तर देतो, हे आम्हाला खटकतं. म्हणून हे पत्रक. घरी नेऊन सावकाश वाचा.

ग्राइंडर हवाच आहे का?

आम्ही ग्राइंडर विकतो, तरी हा प्रश्न आधी विचारतो. घरात फक्त फिल्टर कॉफी होते, दोघंच पिणारे आहेत, रोज २० ग्रॅम पूड लागते, असं असेल तर पाव किलो साधारण बारा दिवसांत संपते. अशा घराने आमच्याकडून दळून न्यावी, तीही एकदम पाव किलो न नेता शंभर-शंभर ग्रॅम. दळण्याचे पैसे आम्ही घेत नाही. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा पुरतो.

ग्राइंडर खरा उपयोगी पडतो तो दोन घरांत. एक, जिथे दोन तऱ्हेची कॉफी होते: सकाळी फिल्टर, दुपारी फ्रेंच प्रेस (पूड गरम पाण्यात भिजवून जाळीच्या दट्ट्याने खाली दाबायचं भांडं). एकच पूड दोन्हींना चालत नाही. दुसरं, जिथे कॉफी बिनदुधाची पितात. अख्खी बी आपला वास कित्येक आठवडे धरून ठेवते, दळली की तो काही दिवसांतच उतरायला लागतो. दूध-साखरेत हे बरंचसं झाकलं जातं, काळ्या कॉफीत झाकायला काहीच नसतं. चिकमगळूरच्या एखाद्या चांगल्या मळ्याच्या बिया तुम्ही जास्त पैसे देऊन घेत असाल, तर ते पैसे ज्या वासासाठी दिले तो कपात यायला हवा.

चिकोरीचं, म्हणजे कॉफीत मिसळतात त्या भाजलेल्या मुळाच्या पुडीचं, विचारणारे खूप असतात. नियमाप्रमाणे कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के असावी लागते, आणि पाकिटावर दोन्हींचं प्रमाण छापलेलं असतं, ते वाचून घ्या. घरी मात्र चिकोरी बियांबरोबर कधीच दळू नका. ती हवेतला ओलावा ओढते, चिकट होते आणि ग्राइंडरच्या सांदीकोपऱ्यात बसते. चिकोरीची पूड वेगळी न्या आणि कॉफी दळल्यावर मिसळा. ८०:२० हवं असेल तर १६ ग्रॅम कॉफीला ४ ग्रॅम चिकोरी.

पातं की जातं

बाजारात विजेचे ग्राइंडर दोन जातींचे मिळतात. पहिला पात्याचा. मिक्सरच्या छोट्या भांड्यासारखाच तो, आत पातं गरगरतं आणि बी सापडेल तशी फुटते. दुसऱ्यात दोन दातेरी चकत्या असतात, एक स्थिर आणि एक फिरती, आणि बी त्यांच्या फटीतून भरडली जात खाली उतरते. दुकानांत याला बर ग्राइंडर म्हणतात. आम्ही सरळ जात्याचा ग्राइंडर म्हणतो, कारण ते जातंच आहे. दोन दगडांमधलं अंतर ठरलेलं, वरून वैरण घालायची, त्या अंतरात मावेल एवढं बारीक झालं की दाणा बाहेर पडणार.

फरक किती पडतो, हे सांगण्यापेक्षा दाखवणं सोपं. आमच्या काउंटरवर दोन पांढऱ्या बशा असतात. एकीत पात्याने दळलेली पूड, दुसरीत जात्याने दळलेली, बिया त्याच. बोटाने पसरून बघा. पहिल्या बशीत बोटाला मैद्यासारखं पीठ लागतं आणि त्याच पिठात तुरीच्या चुऱ्याएवढ्या कण्या सापडतात. दुसरीत थोडं पीठ असतं, नाही असं नाही, पण बाकीचे कण एका मापाचे. आता यावर गरम पाणी पडलं की काय होईल? पिठातला सगळा अर्क क्षणात उतरतो आणि पाठोपाठ कडवटपणाही. कण्यांचा आतला भाग मात्र कोरडाच राहतो, त्यांतून फक्त आंबटसर, पाणचट चव येते. एकाच कपात कडू आणि आंबट दोन्ही लागतं, आणि गिऱ्हाईक आम्हाला येऊन सांगतं की बिया जास्त भाजल्यात. बऱ्याच वेळा दोष दळणाचा असतो.

म्हणून आमचं मत स्पष्ट आहे: घ्यायचाच तर जात्याचा घ्या. पात्याचा हजार-दोन हजारांत येतो, विजेचा जात्याचा त्याच्या काही पट. तेवढा खर्च आत्ता जमत नसेल तर हाताने फिरवायचा जात्याचा घ्या. तो विजेच्या पात्याच्या ग्राइंडरपेक्षा कपाला जास्त न्याय देतो. १५-२० ग्रॅम दळायला एक-दोन मिनिटं हात चालवावा लागतो, एवढंच.

आणि घरात पात्याचा आहेच, किंवा मिक्सरच आहे, तर? तो टाकू नका. मिक्सरचं पातं मिनिटाला अठरा-वीस हजार फेरे घेतं. सलग चालवलं तर पूड तापते आणि वास भांड्यातच उडून जातो. दोन-तीन सेकंद चालवा, थांबा, भांडं उचलून हलवा, पुन्हा दोन-तीन सेकंद. असं सात-आठ वेळा. मग पिठाच्या चाळणीने चाळा आणि वर उरलेल्या कण्या पुन्हा एकदा फिरवा. चटणीचं भांडं मात्र वापरू नका. लसूण आणि सुकी मिरची त्या भांड्याच्या रबरी चकतीत मुरलेली असते, ती कितीही घासली तरी कॉफीत उतरतेच.

विकत घेताना वॉट बघून भुलू नका. मिक्सर ५०० ते ७५० वॉटचे असतात, म्हणून लोक ग्राइंडरमध्येही तोच आकडा शोधतात. घरगुती जात्याच्या ग्राइंडरला १०० ते २०० वॉट पुरतात, कारण त्याला वेगाने फिरायचंच नसतं. बघायचं ते हे: जाडी बदलण्याच्या पायऱ्या किती आहेत, वरची चकती घरी काढून साफ करता येते का, आणि चकत्यांची जोडी सुटी विकत मिळते का. दगडी जातं बोथट झालं की टाकी लावून घेता यायची. पोलादी चकतीला टाकी नाही, ती बदलावीच लागते. घरच्या वापरात ती वर्षानुवर्षं टिकते, पण सुटा भागच मिळत नसेल तर चांगला ग्राइंडर भंगारात जातो.

एस्प्रेसोचं, म्हणजे दाबाने गरम पाणी पुडीतून ढकलून दाट कॉफी काढणारं, मशीन असलेल्यांना एक वेगळी सूचना. त्या मशीनला पायरीच्याही आतला बारीक फरक कळतो. स्वस्त ग्राइंडरवर एका खुणेला पाणी धो-धो येतं आणि पुढच्याच खुणेला थेंबही उतरत नाही. १८ ग्रॅम पुडीतून २५ ते ३० सेकंदांत साधारण ३६ ग्रॅम कॉफी मिळायला हवी. हे साधायचं तर जाडी सलग बदलता येणारा, पायऱ्या नसलेला ग्राइंडर बघा. आणि घेण्याआधी एकदा आमच्याशी बोला.

किती जाड, किती बारीक

ग्राइंडरवरच्या आकड्यांवर जाऊ नका. एका कंपनीचा ८ म्हणजे दुसरीचा १५ असू शकतो. स्वयंपाकघरातली मापं लक्षात ठेवा. फ्रेंच प्रेसला आणि रात्रभर थंड पाण्यात भिजवायच्या कॉफीला उपम्याच्या जाड रव्यासारखी. कागदी फिल्टरवर वरून पाणी ओतत असाल तर बारीक रव्याएवढी. मोका पॉटला (गॅसवर ठेवायचं, वाफेच्या दाबाने कॉफी वर चढवणारं भांडं) बारीक मिठासारखी. आपल्या दाक्षिणात्य फिल्टरला बारीक रवा आणि मीठ यांच्या मधली. एस्प्रेसोला मिठाहून बारीक, चिमटीत धरली तर किंचित गोळा होणारी, पण पिठीसाखरेसारखी भुसभुशीत नाही.

सुरुवात इथून करा आणि पुढचं फिल्टरलाच सांगू द्या. २० ग्रॅम पूड वरच्या भांड्यात घाला, बोटाने हलकेच सपाट करा, दाबू नका. पुडीवर फिल्टरबरोबरची चकती ठेवा, उकळी बसलेलं १२० मिलिलिटर पाणी ओता, झाकण लावा आणि कान देऊन ऐका. पहिली काही मिनिटं खालच्या भांड्यात टप-टप ऐकू येतं, मग थेंबांमधलं अंतर वाढत जातं. डिकॉक्शन, म्हणजे खाली उतरणारा कॉफीचा दाट अर्क, पंधरा-वीस मिनिटांत उतरलं तर दळण बरोबर. पाच मिनिटांत सगळं खाली आलं आणि रंग चहासारखा पारदर्शक दिसला तर दळण जाड झालं. तासाभराने झाकण उघडलं आणि पाणी वरच असेल, तर फारच बारीक. अशा वेळी फिल्टर आपटू नका, चमच्याने वरची चकती जरा सैल करा आणि पुढच्या वेळी दळण एक खूण जाड ठेवा.

एका वेळी एकच खूण बदला, हे आम्ही प्रत्येकाला कळकळीने सांगतो. पूडही वाढवली, पाणीही कमी केलं आणि खूणही बदलली, तर कशाने काय झालं ते कळत नाही, आणि चार दिवसांत ग्राइंडर माळ्यावर जातो. आणखी एक: बारीक करण्यासाठी खूण फिरवायची असेल तर मोटर चालू असताना फिरवा. बंद असताना फिरवली तर दोन चकत्यांमध्ये अडकलेल्या बिया चिरडून दाते आणि मोटर, दोघांवर ताण येतो. जाड करायला ही अट नाही.

चमच्याऐवजी वजनकाटा वापरा. गडद भाजलेली बी फुगलेली आणि हलकी असते, कमी भाजलेली घट्ट. दोन्हींचा चमचाभर सारखा भरत नाही.

परदेशातून आणलेला ग्राइंडर

गेल्या वर्षी एक काका पिशवीतून ग्राइंडर घेऊन आले. लेकीने न्यू जर्सीहून पाठवलेला, उत्तम जातीचा, खोक्यासकट. त्यांनी पिनेला अडॅप्टर लावला आणि सरळ भिंतीत खोचला. मोटर तीन-चार सेकंद किंचाळली, जळक्या वार्निशचा वास आला आणि खेळ संपला. आमच्या टेबलावर तो उघडला तेव्हा तांब्याची गुंडाळी काळी पडलेली होती. काकांचा चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे.

अमेरिकेत घरची वीज १२० व्होल्ट, आपल्याकडे २३०. अडॅप्टर फक्त पिनेचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही. मोबाइलचा चार्जर चालतो कारण त्याच्यावर १०० ते २४० लिहिलेलं असतं. ग्राइंडरच्या बुडाची पट्टी वाचा. तिथे फक्त १२० लिहिलं असेल तर पुरेशा वॉटचा स्टेपडाउन, म्हणजे व्होल्टेज उतरवणारा, ट्रान्सफॉर्मर लागेल. तिकडची वीज ६० हर्ट्झची आणि इकडची ५० हर्ट्झची, हा फरक मात्र ट्रान्सफॉर्मरने जात नाही, आणि काही मोटरी त्यामुळे संथ चालतात व जास्त तापतात. खरं सांगायचं तर तिकडून बिया मागवा, यंत्र इथलं घ्या. दुबई आणि इंग्लंडची वीज आपल्यासारखीच आहे, तिथून आणलेल्याला फक्त पीन बदलावी लागते.

निगा

तांदूळ निवडतो तशा बिया ताटात पसरून एकदा निवडून घ्या. फळासकट उन्हात वाळवलेल्या बियांत, ज्यांना व्यापारात चेरी म्हणतात, क्वचित बारीक खडा येतो. आम्ही निवडतोच, तरी एखादा सुटतो. पोलादी चकतीचा त्याने दाता जातो, सिरॅमिकची तर तडकते. दळताना आवाज एकदम बदलला की लगेच बंद करा, पीन काढा, मगच उघडा.

आठवड्यातून एकदा कोरड्या ब्रशने चकत्या झाडा. पाणी नको, पोलाद गंजतं. तांदूळ दळून साफ करण्याचा उपाय पात्याच्या ग्राइंडरला चालतो. जात्याच्या ग्राइंडरमध्ये मात्र कच्चा तांदूळ घालू नका: तो भाजलेल्या बीपेक्षा खूप कडक असतो आणि त्याचं पीठ आतच राहतं. वरच्या कप्प्यात बिया भरून ठेवण्याची सवय मोडा, लागतील तेवढ्याच मोजून घाला. तेलकट कप्पा महिन्याभरात खवट वास मारतो, आणि कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात तर बिया चार दिवसांत नरम पडतात. बियांचा डबा फ्रिजमध्येही ठेवू नका, दर वेळी बाहेर काढला की आत दव धरतं.

थंडीत, विशेषतः पुण्या-नागपूरच्या कोरड्या हवेत, पूड भांड्याला आणि ओट्यावर उडून चिकटते. ती स्थिर वीज. दळण्याआधी चमच्याची दांडी पाण्यात बुडवून बियांत एकदा फिरवा. तेवढा एक थेंब पुरतो, जास्त नको.

आणि जायफळ. आपल्या जुन्या घरांतल्या दुधाच्या कॉफीला जायफळाशिवाय शोभा नाही, हे आम्हालाही मान्य आहे. पण ते ग्राइंडरमध्ये टाकू नका, वेलदोडेही नकोत. त्यांचं तेल चकत्यांना धरतं आणि पुढचे कित्येक दिवस प्रत्येक कप जायफळाचाच लागतो. किसणीवर चार फेरे, थेट कपात.

चव जमत नसेल तर घरी दळलेली दोन चमचे पूड कागदाच्या पुडीत बांधून दुकानात आणा आणि कशात करता ते सांगा. पांढऱ्या बशीत पसरून बघू. ग्राइंडर आमच्याकडून घेतलेला नसला तरी चालेल.