पॉलिथिन मुळातच कच्चं? नाही!

‘पॉलिथिन म्हणजे पिशवीचं प्लास्टिक, बोट खुपसलं की लांबणारं, दणकट काही हवं तर रसायनच वेगळं लागतं.’ हा समज जुना आणि चुकीचा. १९८०च्या सुमारास नेदरलँड्समधल्या डीएसएम कंपनीत पॉल स्मिथ आणि पीट लेमस्ट्रा यांनी अतिलांब रेणू-साखळ्यांचं पॉलिथिन डेकॅलिन या गरम द्रावकात विरघळवलं, द्रावणात पॉलिथिन जेमतेम दोनेक टक्के. थंड झाल्यावर जेल. खरी गंमत त्या पातळपणात आहे: साखळ्यांचा गुंता बराच सुटतो. म्हणून वाळवलेली जेल-फिल्म १२० अंशांच्या आसपास ३० पटींहून जास्त ओढता येते. नुसतं वितळवून गोठवलेलं तेच पॉलिथिन थोड्याच पटींत तुटतं. ओढताना साखळ्या सरळ, एका दिशेला लागतात. याच रीतीने ओढलेल्या तंतूंचा ताठपणा ९० गिगापास्कलपर्यंत (ताठपणा मोजायचं एकक) गेला, ॲल्युमिनियमचा ७०. आडवी ताणलीत तर मात्र हीच फिल्म सहज चिरते.