पार्श्वभूमी : आभाळाच्या वर्णनाला नेमके शब्द कसे मिळाले

ढग ‘सुंदर’, वारा ‘जोराचा’, सूर्यास्त ‘अप्रतिम’. हवामानाबद्दल लिहायला बसले की आधी सुचतात ते हेच शब्द, आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे त्यातून काहीच उभे राहत नाही. ही अडचण फार जुनी आहे. ती सोडवण्यात कवींइतकाच खलाशांचा आणि शास्त्रज्ञांचाही वाटा आहे, आणि तो सहसा विसरला जातो.

ढगांपासून सुरुवात करू. अ‍ॅरिस्टॉटलने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ढग कसे बनतात यावर लिहिले होते. पण ढगांच्या प्रकारांना सर्वमान्य नावे मिळायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले. क्षणाक्षणाला रूप पालटणाऱ्या गोष्टीला नाव द्यायचे तरी कसे? डिसेंबर १८०२ मध्ये लंडनमधल्या ल्यूक हॉवर्ड या तीस वर्षांच्या औषध-व्यावसायिकाने एका छोट्या अभ्यासमंडळापुढे निबंध वाचला, त्यात याचे उत्तर होते. त्याने आकार पाहून लॅटिन नावे दिली : सिरस म्हणजे केसांची बट, क्युम्युलस म्हणजे रास, स्ट्रेटस म्हणजे थर, आणि पाऊस पाडणारा तो निंबस. एक रूप दुसऱ्यात मिसळू लागले की नावेही जोडायची, उदाहरणार्थ सिरोक्युम्युलस. बदलत्या ढगाला बदलते नाव, ही त्याची खरी करामत. त्याच वर्षी फ्रान्समध्ये निसर्गशास्त्रज्ञ लामार्कनेही ढगांची वर्गवारी छापली होती. फ्रेंच नावांची ती यादी मात्र रुजली नाही. हॉवर्डच्या नावांनी जर्मन कवी गटे इतका भारावला की त्याने हॉवर्डवर कविता लिहिल्या. चित्रकार जॉन कॉन्स्टेबलने १८२१-२२ मध्ये ढगांची कितीतरी चित्रे रंगवली आणि अनेकांच्या पाठीमागे तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा टिपून ठेवली.

वाऱ्याची गोष्ट मला याहून मोलाची वाटते. ब्रिटिश नौदलातल्या फ्रान्सिस ब्यूफर्टने जानेवारी १८०६ मध्ये आपल्या रोजनिशीत वाऱ्याच्या जोराची श्रेणी मांडली, आणि लवकरच तिला जहाजाच्या शिडांची जोड दिली : एवढ्या वाऱ्यात इतकी शिडे उभारता येतात, एवढ्यात सगळी उतरवावी लागतात. एकाचा ‘सोसाट्याचा’ आणि दुसऱ्याचा ‘जोराचा’ यांतला घोळ त्याने मिटला. १८३८ मध्ये नौदलाने ही श्रेणी सक्तीची केली. पुढे १९०६ मध्ये हवामानशास्त्रज्ञ जॉर्ज सिम्पसनने ती जमिनीवरच्या खुणांशी जोडली. शून्य : धूर सरळ वर चढतो. दोन : वारा चेहऱ्याला जाणवतो, पाने सळसळतात. चार : धूळ आणि सुटे कागद उडतात. सहा : तारा शीळ घालतात, छत्री सांभाळणे कठीण जाते. आठ : झाडांच्या डहाळ्या मोडतात. वारा किती आहे हे इथे वाराच सांगत नाही. धूर, पाने, कागद सांगतात. हवामानाचे जिवंत वर्णन शिकायचे असेल त्याने ही यादी पाठ करावी.

रंगाच्या बाबतीत आकड्यांचाही प्रयोग झाला. स्विस शास्त्रज्ञ सोस्यूरने १७८९ च्या सुमारास ५३ छटांची चकती बनवली. ती आभाळासमोर धरून निळाई मोजायची. जर्मन निसर्गशास्त्रज्ञ हुम्बोल्टने ती दक्षिण अमेरिकेच्या सफरीवर नेली. मोजमापाला ती कामी आली, पण नुसत्या आकड्याने वाचकाला आभाळ दिसत नाही.

ते शब्दांनीच दिसते, याचा पुरावा १८८३ चा. त्या ऑगस्टमध्ये इंडोनेशियातल्या क्राकाटोआ ज्वालामुखीचा स्फोट झाला आणि पुढचे कित्येक महिने जगभर सूर्यास्त विलक्षण लाल दिसू लागले. अमेरिकेत काही गावांत आग लागली समजून बंब धावले. इंग्रज कवी जेरार्ड मॅन्ली हॉपकिन्सने ‘नेचर’ नियतकालिकाला पत्र पाठवले, ते जानेवारी १८८४ मध्ये छापून आले. नेहमीच्या सूर्यास्ताचा लाल नितळ असतो, हा मात्र सुजून लाल झालेल्या मांसासारखा आहे, असे त्याने त्यात म्हटले. उपमा अंगावर येते, पण ती सजावट नव्हे. दोन तांबड्या रंगांतला फरक तिने टिपला. रॉयल सोसायटीच्या १८८८ च्या अहवालात ठिकठिकाणच्या लोकांनी केलेली त्या आभाळाची वर्णने जमा केली गेली.

नावे देण्याचे काम अजून चालू आहे. १८९६ मध्ये ढगांचे प्रकार चित्रांसह दाखवणारा पहिला आंतरराष्ट्रीय मेघसंग्रह निघाला. २००६ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यात टिपलेल्या एका विचित्र, खडबडीत ढगाच्या छायाचित्रांनंतर ढगप्रेमींनी त्याच्यासाठी वेगळे नाव मागितले. मेघसंग्रहाच्या २०१७ च्या आवृत्तीत ‘अ‍ॅस्पेरिटास’ म्हणून ते दाखल झाले. तिथल्या शास्त्रीय व्याख्येलाही उपमेचा आधार घ्यावा लागला : खवळलेल्या समुद्राचा पृष्ठभाग पाण्याखालून पाहावा तसा.