गाऱ्याचा टायर, बर्फाचा टायर

डिसेंबरात आमच्या कॉलनीतल्या एका मित्रानं थारला नवे टायर चढवले. जानेवारीत मनालीमार्गे हिमाचलच्या लाहौल खोऱ्यातल्या सिस्सूला जायचं ठरलं आहे. टायर दिसायला दमदार, मोठमोठे ठोकळे आणि मधे खोल खाचा. आपल्याकडे ज्याला बटन टायर म्हणतात तो प्रकार. बाजूला 'एम+एस' अशी अक्षरं उठवलेली. त्यावर बोट ठेवून तो म्हणाला, "भाऊ, हा बर्फाचाच टायर आहे. लिहिलंच आहे ना त्यावर." लिहिलं आहे हे खरं, म्हणजे मड आणि स्नो, चिखल आणि बर्फ. पण ती दोन अक्षरं एकत्र कशी आली आणि त्यांना वेगळं करायला किती वर्षं लागली, हे समजल्याशिवाय बर्फासाठी टायर निवडू नये, असं मला मनापासून वाटतं.

विदर्भात आपण चिखलाला गारा म्हणतो, आणि आभाळातून पडतात त्यांनाही गाराच म्हणतो. बोलण्यात घोळ होत नाही, कारण संदर्भ कळतो. टायरला मात्र संदर्भ कळत नाही. चिखल आणि बर्फ त्याच्याकडून अगदी उलट गोष्टी मागतात.

जुलैत पांदणीतून गेलेल्याला गारा काय करतो ते सांगायला नको. काळी माती चाकाला धरते, थरावर थर चढतो आणि शेवटी कुणीतरी बंडीवरून उतरून काठीनं चाक मोकळं करतो. खाचा मातीनं बुजल्या की नवा टायरही गुळगुळीत टायरसारखाच. म्हणून चिखलातल्या टायरनं माती झटकून टाकली पाहिजे. आपल्या हिंगणा एमआयडीसीत ट्रॅक्टर बनतात, त्यांचं मागचं चाक नीट पाहा. तिरप्या जाड पट्ट्या, मधे भरपूर मोकळी जागा, आणि चाक फिरलं की चिखल कडेनं बाहेर ढकलला जातो. बर्फात टायरनं बर्फ धरून ठेवायचा असतो. मुठीत बर्फ दाबला की गोळा होतो आणि त्या गोळ्याला आणखी बर्फ चिकटतो. तसाच टायरच्या अरुंद खाचांत दाबून बसलेला बर्फ खालच्या बर्फाला पकडतो, आणि ही पकड नुसत्या रबरापेक्षा चांगली असते.

सुरुवातीच्या मोटारवाल्यांकडे यातलं काहीच नव्हतं. बर्फात ते चाकाला दोर गुंडाळायचे. ते पाहून अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या हॅरी वीड यांनी टायरभोवती लोखंडी साखळी बसवायची युक्ती काढली आणि १९०४ मध्ये तिचं पेटंट मिळवलं. आज रोहतांगच्या बाजूला ट्रकच्या चाकांना दिसतात त्या साखळ्या याच घराण्यातल्या. १९२३ मध्ये जॉन साइप यांनी रबरात बारीक चिरा पाडण्याचं पेटंट घेतलं. कत्तलखान्यातल्या ओल्या फरशीवर बूट घसरू नयेत म्हणून त्यांनी तळव्याला चिरा दिल्या, अशी गोष्ट सांगतात. त्या चिरांना जगभर अजूनही 'साइप' म्हणतात. बर्फाच्या टायरमध्ये बघायची पहिली खूण हीच. ठोकळा कितीही मोठा असला तरी त्याच्या अंगावर केसासारख्या चिरा नसतील, तर घट्ट दाबलेल्या बर्फावर त्याला धरायला कडाच नाहीत.

पूर्ण टायरच बर्फासाठी बनवायचा विचार फिनलंडमध्ये झाला. तिथल्या रबर कारखान्यानं १९३४ मध्ये ट्रकसाठी आडव्या खोल खाचांचा 'केलिरेंगस' काढला आणि १९३६ मध्ये मोटारींसाठी 'हाक्कापेलिता'. हे नाव सतराव्या शतकातल्या फिनिश घोडेस्वारांवरून आलं. कारखाना ज्या गावात होता त्याचं नाव नोकिया. आपल्यातल्या अनेकांच्या हातातला पहिला मोबाईल ज्या कंपनीचा, तिच्यात हा रबर कारखाना १९६७ मध्ये सामील झाला होता. पुढे १९८८ मध्ये टायरचा धंदा वेगळा निघाला.

आपल्या गाड्यांचा वंश मात्र फिनलंडकडून येत नाही, तो दुसऱ्या महायुद्धातल्या जीपकडून येतो. तिचे ६.००-१६ मापाचे अरुंद टायर दोन्ही दिशांनी सारखेच चालत, ठोकळे मोठे आणि चिरा नाहीत. युद्धानंतर महिंद्रांनी भारतात विलिस जीप जोडायला सुरुवात केली आणि चार चाकांत जोर असलेल्या गाडीला असाच टायर शोभतो, हे आपल्या डोळ्यांत बसलं. १९७६ मध्ये बीएफगुडरिचचा रेडियल 'ऑल टेरेन' आला, १९८० मध्ये त्यांचाच 'मड टेरेन'. आज दुकानात एटी आणि एमटी ही अक्षरं सर्रास ऐकू येतात, ती तिथून आली.

याच काळात अमेरिकी बाजारात एम+एस रुळलं, आणि घोळ इथेच आहे. हा शिक्का नक्षीच्या मोजमापावर मिळतो. जमिनीला टेकणाऱ्या भागात किमान पाव हिस्सा मोकळा हवा, कडेला ठरावीक कोनाच्या खाचा हव्यात, एवढं जमलं की झालं. टायर बर्फावर एकदाही चालवून पाहायची अट त्यात नाही. पाव हिस्सा मोकळा तर चिखलाच्या टायरमध्ये सहज निघतो.

रबर कशाचं आहे हेही त्या शिक्क्यात येत नाही. साधारण सात अंशांच्या खाली उन्हाळी रबर कडक होऊ लागतं, खालच्या खरखरीत पृष्ठभागात रुतत नाही. नागपुरात २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ अंशांवर आला होता. आपली थंडी फार तर तिथवर. दोन वर्षांपूर्वी जानेवारीत सिस्सूला सकाळी मी टायरचा ठोकळा अंगठ्याच्या नखानं दाबला. घरी नख रुतायचं, तिथे ते खुरावर दाबल्यासारखं घसरलं. त्याच सकाळी एका उतारावर ब्रेक पायाखाली थरथरत राहिला आणि गाडी सरकतच राहिली. पुढे बर्फाचा ढीग होता म्हणून थांबली. फोर बाय फोर लावलेलं होतं. त्यानं गाडी निघते, थांबत नाही.

मऊ रबराची गोष्ट जपाननं पुढे नेली. साठच्या दशकात थंड देशांत टायरमध्ये लोखंडी खिळे बसवायची चाल पडली. निसरड्या बर्फावर त्यांची पकड उत्तम, पण उघड्या डांबरावर ते रस्ताच खरवडतात. सेंदाई शहरात त्या धुळीनं लोक हैराण झाले आणि १९९० मध्ये जपाननं खिळ्यांच्या टायरवर बंधन आणणारा कायदा केला. त्याआधीच, १९८८ मध्ये, ब्रिजस्टोननं 'ब्लिझॅक' काढला होता. त्याच्या रबरात सूक्ष्म छिद्रं असतात आणि बर्फावरचा पाण्याचा पातळ थर ती शोषून घेतात. टायर घसरतो तो मुख्यतः या पाण्यामुळे.

चिखलापासून बर्फाची अधिकृत फारकत झाली १९९९ मध्ये. अमेरिका आणि कॅनडातल्या टायर उद्योगानं तीन शिखरं आणि आत हिमकण अशी खूण ठरवली. ती मिळवायला टायर दाबलेल्या बर्फावर प्रत्यक्ष चालवावा लागतो आणि मूळ अटीनुसार ठरलेल्या प्रमाण टायरला १०० धरून किमान ११० गुण काढावे लागत. जर्मनीनं २०१८ पासून नव्या हिवाळी टायरला हीच खूण सक्तीची केली. नुसत्या एम+एसच्या जुन्या टायरना दिलेली सवलतही सप्टेंबर २०२४ ला संपली. खुणेची मर्यादाही सांगितली पाहिजे. मूळ अमेरिकी चाचणीत सरळ रेषेत ओढ मोजतात. वळण आणि काचेसारखा बर्फ तिच्यात नाहीत.

आता आपलं काय? राष्ट्रीय महामार्ग ४४ नागपुरातून थेट श्रीनगरला पोचतो, आणि ३ ऑक्टोबर २०२० ला नऊ किलोमीटरचा अटल बोगदा उघडल्यापासून हिवाळ्यातला लाहौलही आवाक्यात आला. पण खरा हिवाळी टायर घेऊन नागपुरात राहणं परवडणारं नाही. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्या रस्त्यावर ते मऊ रबर भराभर झिजेल. माझं मत स्पष्ट आहे: तीन शिखरांची खूण असलेला ऑल टेरेन घ्यावा, प्रत्येक ठोकळ्यावरच्या चिरा मोजून घ्याव्यात, आणि गाडीला चालत असेल तर अरुंद माप घ्यावं. रस्त्यावरच्या चार बोटं बर्फात अरुंद टायर खाली कापत जातो आणि कठीण थराला टेकतो. आइसलंडमधले लोक प्रचंड रुंद टायर लावून हवा चार पौंडांवर आणतात, पण ते हिमनदीच्या खोल, भुसभुशीत बर्फासाठी. सिस्सूचा रस्ता तसा नाही.

मित्राचे टायर आता परत होणार नाहीत. त्यानं टायरच्या २५५/६५ आर १८ या मापाच्या साखळ्यांचे दोन जोड मागवले. रविवारी अंगणात पहिलं चाक बांधायला त्याला पाऊण तास लागला, तेही उघड्या हातांनी. तिसरं चाक वीस मिनिटांत झालं. आज रात्री जेवणानंतर पुन्हा बसणार आहोत, हातमोजे घालून, अंगणातला दिवा बंद करून.